मॉकमध्ये हात गार पडतात, येत असलेलं उत्तरही सुचत नाही

पत्र : मी खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, पुढे बेळगावात शिकून एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण केली. गेल्या वर्षी एमडी-एमएसच्या प्रवेशासाठीच्या नीट-पीजीला बसले, रँक सांगण्यासारखी आली नाही. आता बेळगावातच एका खासगी हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आहे, आठवड्याला तीन नाइट असतात. परीक्षेला दहा आठवडे राहिलेत. क्यूबँक (सरावाचे प्रश्नसंच) निवांत सोडवते तेव्हा शंभरात सत्तर बरोबर येतात. ग्रँड टेस्टला, म्हणजे पूर्ण मॉकला (सराव परीक्षेला), बसले की पहिल्या पाच-सात प्रश्नांतच हात गार पडतात, छाती धडधडते, ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. मागच्या टेस्टला 96 बरोबर, 74 चूक, 30 सोडले. त्याआधीच्या दोन टेस्ट मधेच बंद केल्या. आप्पा रोज फोनवर 'किती झालं?' विचारतात. झोपेसाठी कधी कधी अल्प्राझोलाम घेते. मैत्रीण म्हणते परीक्षेला धडधड कमी करणारं प्रोप्रानोलॉल घे. नोकरी सोडून घरी बसू का? आणि खरं सांगायचं तर एखाद्या रात्री वाटतं, सकाळी जागच येऊ नये.

उत्तर :

शेवटची ओळ आधी घेतो. ओपीडीत पेशंट उठून दारापर्यंत जातो आणि मग वळून खरं दुखणं सांगतो, तशी ती ओळ तुमच्या पत्रात आलीय. ती लिहिलीत हे फार बरं केलंत. आता पेशंटला विचारता तेच तीन प्रश्न स्वतःला विचारा. हा विचार आठवड्यातून किती वेळा येतो? 'जाग येऊ नये'च्या पुढे, स्वतःला काही करून घेण्यापर्यंत जातो का? कसं, कुठे, कधी असा बेत मनात तयार होतो का? शेवटच्या दोनांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर हा लेख इथेच थांबवा, जवळच्या माणसाला खोलीवर बोलावून घ्या आणि त्याला घेऊन आजच मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा कॅज्युअल्टीत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. विचार नुसता येऊन जात असेल तरी याच आठवड्यात एकदा दाखवून या. आणि खोलीवर गोळ्यांच्या स्ट्रिप, सॅम्पल साठवून ठेवू नका. आहेत ते आजच रूममेटकडे द्या किंवा फार्मसीत परत करा. वाईट रात्र असते तेव्हा हाताशी काय आहे यावर खूप काही ठरतं.

पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा तक्ता, तुम्ही वॉर्डात पेशंटकडून भरून घेतला असेल, तो आज स्वतःचा भरा. एकूण 10 किंवा त्याहून जास्त आले तर दाखवायलाच हवं. मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण किती झाले ते बघत बसू नका, दाखवा. तिथल्या मनोरुग्णालयामुळे आपल्या भागात 'धारवाड' म्हटलं की लोक थट्टेनं बोलतात, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. पण डिमहान्सच्या, म्हणजे धारवाडच्या त्याच मानसिक आरोग्य संस्थेच्या, ओपीडीत झोप न येणारे, छातीत धडधडणारे, परीक्षेला घाबरणारे लोक रोज येतात, दाखवतात आणि संध्याकाळच्या बसनं घरी जातात. बेळगावात ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर धारवाड, हुबळी किंवा कोल्हापूर गाठा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय आप्पांनाही मिळत नाही आणि तुमच्या हॉस्पिटललाही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल 2024 मध्ये आला. त्या पाहणीत एमबीबीएसच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं होतं. वर्गात शंभरजण असतील तर त्यातले सत्तावीस-अठ्ठावीस.

जाताना हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. धडधड टेस्ट सोडून एरवीही होत असेल तर एक ईसीजी. पेशंट आला असता तर तुम्ही हेच लिहून दिलं असतं.

आता टेस्टकडे येऊ. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे तुम्ही दिलेले आकडे. बरोबरला चार मार्क, चुकीला वजा एक, म्हणून 96 बरोबर, 74 चूक म्हणजे 384 वजा 74, 310 मार्क. निवांत सोडवताना सत्तर टक्के, म्हणजे दोनशेत 140 बरोबर. उरलेले साठही चुकले असं धरलं तरी 500 होतात. मधले 190 मार्क कुठे गेले?

सगळे भीतीनं खाल्ले असं लगेच म्हणता येत नाही. क्यूबँक आपण बहुतेक टॉपिकप्रमाणे सोडवतो. थायरॉइडचा सेट उघडला की प्रत्येक उत्तर थायरॉइडमधलंच असणार हे आधीच माहीत असतं, आणि सत्तरातले काही मार्क त्या आयत्या सुगाव्याचे असतात. म्हणून या आठवड्यात एक साधी चाचणी करा. सगळे विषय मिसळलेले, कधी न पाहिलेले 40 प्रश्न घड्याळ न लावता सोडवा. दुसऱ्या दिवशी तसेच दुसरे 40 प्रश्न 42 मिनिटांत सोडवा. पहिल्यात 26 आणि दुसऱ्यात 25 आले तर अडचण विषय मिसळण्याची आहे आणि औषध म्हणजे मिश्र रिव्हिजन. पहिल्यात 26 आणि दुसऱ्यात 18 आले तर ते आठ प्रश्न तुम्हाला येत होते, घड्याळानं नेले. तुमचं वर्णन वाचून आम्हाला दुसरी शक्यता जास्त वाटते. तसं निघालं तर अभ्यासाचे तास वाढवून ते आठ परत येणार नाहीत. आणखी दोन तास नोट्स वाचाल, माहिती वाढेल, आणि पुढच्या टेस्टला तीही त्याच जागी अडेल.

ती अडते कशी, ते तुम्ही फिजिऑलॉजीत शिकलात, फक्त स्वतःला लावून पाहिलेलं नाही. धोका दिसला की अॅड्रिनलीन वाढतं, रक्त हातापायांच्या कातडीकडून स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार. श्वास जलद आणि वरवरचा होतो, कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून मुंग्या आणि डोकं हलकं. इथवर शरीराचं काही चुकलेलं नाही. घोटाळा पुढच्या क्षणी होतो. 'हात गार पडले, आता ही टेस्टही गेली' असा विचार येतो आणि जी तोकडी जागा स्टेम, म्हणजे प्रश्नाचा मजकूर, धरून ठेवायला, पर्याय ताडून बघायला लागते, तीच जागा तो विचार बळकावतो. ओळ तीनदा वाचून शिरत नाही ती म्हणून. इंग्रजी कच्चं असल्यामुळे नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण मराठी शाळेतून आलेली मुलं सगळा दोष भाषेला देऊन मोकळी होतात. निवांत वाचताना तोच स्टेम तुम्हाला एका वाचनात कळतो.

दोन टेस्ट मधेच बंद केल्यात, त्याबद्दल जरा सविस्तर, कारण खरी गाठ तिथे बसलीय. लॅपटॉप मिटवला त्या क्षणी बरं वाटलं असेल. ते बरं वाटणं मेंदू लक्षात ठेवतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो पळायची आठवण आणखी लवकर करून देतो, दहाव्या प्रश्नाऐवजी पाचव्यालाच. भीतीची लाट बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरू लागते. पण ती उतरताना पाहायची तर तिथे बसून राहावं लागतं. म्हणून आजपासून एक नियम पाळा. सेट लहान घेतला तरी चालेल, अर्धवट सोडायचा नाही. काहीच सुचत नसेल तर स्क्रीनकडे बघत बसा, पण घड्याळ संपेपर्यंत खुर्ची सोडू नका.

दहा आठवड्यांची चढण अशी बांधा. पहिला आठवडा वरच्या चाचणीचा. दुसऱ्या आठवड्यात रोज 10 मिश्र प्रश्न 12 मिनिटांत, जरा सैल वेळ. तिसऱ्यात 20 प्रश्न 21 मिनिटांत. हा परीक्षेचाच वेग आहे, कारण 2024 पासून नीट-पीजीचे 200 प्रश्न पाच सेक्शनमध्ये वाटलेत, प्रत्येकात 40 प्रश्न आणि 42 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 63 सेकंद. चौथ्या-पाचव्या आठवड्यात रोज एक पूर्ण सेक्शन. सहाव्यात दोन सेक्शन पाठोपाठ, एक दिवसाआड. सातव्या, आठव्या, नवव्या आठवड्यात दर आठवड्याला एकच पूर्ण टेस्ट, साडेतीन तासांची, सकाळी 9 ला सुरू. 2025 ची परीक्षा 9 ते 12.30 होती, यंदाची वेळ माहितीपत्रकात बघून तीच धरा. दहाव्या आठवड्यात पहिल्या दोन दिवसांत हवा असेल तर एखादा सेक्शन, नंतर काही नाही. पायरी दोनदा चुकली तर तीच आणखी तीन दिवस करा, खाली उतरू नका. आणि नाइटहून आल्या आल्या कधीही टेस्ट लावू नका. त्या मार्कांना काही अर्थ नसतो आणि मनाला मात्र लागतात.

यातले काही सेट मुद्दाम अडचणीत सोडवा. स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या पलंगावर भीती येतेच कमी. हॉस्पिटलच्या लायब्ररीतला किंवा एखाद्या सायबरमधला माउस-कीबोर्डचा कॉम्प्युटर घ्या. पावसाचे दिवस आहेत. पत्र्यावर धो-धो आवाज, करंट गेला म्हणून इन्व्हर्टरवरचा मंद उजेड, शेजारच्याचा खोकला, हे सगळं सरावात येऊन गेलेलं बरं. आणखी एक उपाय विचित्र वाटेल, पण घबराटीच्या उपचारात तो नेहमी वापरतात. सेक्शन सुरू करायच्या आधी जिना एक मिनिट भराभर चढा-उतरा, छाती धडधडायला लागली की लगेच बसा आणि पहिला प्रश्न सोडवा. दमा किंवा हृदयाचा त्रास नसेल तरच. धडधडत्या छातीनंही प्रश्न सुटतो हे शरीराला एकदा कळलं की परीक्षेतल्या धडधडीची धार जाते.

श्वासाचा सराव वेगळा करा. चार मोजेपर्यंत नाकानं आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर, मिनिटाला सहा श्वास, एका वेळी पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. इथे सगळ्यांचं एकच चुकतं: घाबरल्यावर पहिल्यांदा करून बघतात, जमत नाही, मग 'माझ्यावर याचा उपयोग होत नाही' म्हणून सोडतात. तीन आठवडे शांत असताना केलेलाच श्वास घाबरलेल्या वेळी हाताशी येतो. दुसरी चूक म्हणजे जोरात खोल श्वास ओढणं. त्यानं कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो आणि मुंग्या वाढतात. लांबवायचा तो बाहेर जाणारा श्वास.

आता 42 मिनिटांच्या आतलं. पहिले तीन प्रश्न जमले नाहीत की तुम्ही तिथेच घुटमळता, असं दिसतं. पहिल्या फेरीला 32 मिनिटं द्या. स्टेम लांब असेल तर आधी शेवटची ओळ वाचा, रोगाचं निदान विचारलंय की पुढची पायरी की 'यापैकी कोणतं नाही', आणि मग वर या. पन्नास सेकंदांत सुचलं नाही तर पर्याय निवडून, खूण करून पुढे. नंतर आठ मिनिटं खुणा केलेल्यांना, शेवटची दोन एकही प्रश्न कोरा राहिला नाही ना हे बघायला. सेक्शन बंद झाला की परत उघडत नाही. बरेचजण याला घाबरतात, पण तुमच्यासारखीला ते सोयीचं आहे. पहिला सेक्शन वाईट गेला तरी दुसऱ्यातले 40 प्रश्न नवे, 42 मिनिटंही नवी. वेळ शिल्लक असली तरी पुढचा सेक्शन लवकर उघडत नाही, म्हणून उरलेल्या वेळात आधीची उत्तरं उकरत बसू नका. माउस सोडा, तळहात मांडीवर टेका, नजर स्क्रीनवरून काढून लांब ठेवा, दोन लांब श्वास बाहेर.

तीस प्रश्न सोडलेत, त्याचा हिशेब मांडूनच दाखवतो, कारण निगेटिव्ह मार्किंगची भीती बहुतेक हिशेब न केल्यामुळे असते. बरोबरला चार, चुकीला वजा एक. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना डोळे मिटून टिक केलं तरी चारात एकदा चार मिळतात, तीनदा एकेक जातो. सरासरी प्रश्नामागे पाव मार्क जमेला. एक पर्याय खात्रीनं कापता आला तर सरासरी सुमारे 0.67. दोन कापले तर दीड. तुम्ही सोडलेल्या तिसांत प्रत्येकी एक पर्याय जरी कापता आला असता तर सरासरीनं वीस मार्क वाढले असते. प्रत्येक टेस्टला इतकेच मिळतील असं नाही, नशीब वर-खाली होतं. पण प्रश्न कोरा ठेवून कुठल्याच बाजूनं फायदा नाही. हे एकदा पटलं की 'सोडू की टिक करू' ही घालमेल प्रत्येक प्रश्नावर करावी लागत नाही आणि तेवढी डोक्यातली जागा मोकळी होते.

उत्तर बदलण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण 74 चुकांत काही बदललेली उत्तरं असणारच. 'पहिलं मनात आलेलं तेच बरोबर' असं सिनियर सांगतात. अभ्यास उलटं सांगतात: विद्यार्थी उत्तर बदलतात तेव्हा चुकीचं बरोबर होण्याचं प्रमाण बरोबरचं चुकीचं होण्यापेक्षा जास्त असतं. बरोबरचं चुकलेलं मात्र मनाला जास्त लागतं, म्हणून तेच लक्षात राहतं. तुमच्यासाठी नियम इतकाच: कारण एका वाक्यात सांगता आलं तर बदला. 'मघाशी एक्सेप्ट, म्हणजे सोडून, हा शब्द वाचलाच नव्हता', 'क्रिएटिनिन 3 आहे हे दिसलं नव्हतं', ही कारणं झाली. 'जरा धाकधूक वाटतेय' हे कारण नव्हे.

टेस्टनंतर चुकांची वही लिहा, पण नेहमीसारखी विषयवार नको. दोनशे पानी साधी वही घ्या आणि पानाला चार उभे रकाने आखा: 'माहीतच नव्हतं', 'माहीत होतं पण सुचलं नाही', 'चुकीचं वाचलं', 'कारण नसताना बदललं'. प्रत्येक चुकीचा प्रश्न यातल्या एका रकान्यात एका ओळीत जातो, शेजारी प्रश्नाचा क्रमांक. समजा एका सेक्शनचं पान असं निघालं: पहिल्या रकान्यात पाच, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात तीन, चौथ्यात एक, आणि दुसऱ्या रकान्यातल्या सातांचे क्रमांक 6, 7, 8, 9, 11, 12 आणि 31. म्हणजे सातपैकी सहा चुका एका सलग सहा-सात मिनिटांत झाल्या, एकाच लाटेत. त्या पानाला फार्माकॉलॉजीचा जादा अभ्यास लागत नाही, सहाव्या प्रश्नाला माउस सोडून दोन श्वास लागतात. पुढच्या टेस्टला लाट नेमकी कुठे येणार हे ही वही आधी सांगते. आलीच ठरल्या जागी तर ती तितकीशी अंगावर येत नाही. पहिल्या रकान्यातलेच प्रश्न तेवढे पुस्तकाकडे न्या.

भाषेचा एक उपयोग मात्र करून घ्या. प्रश्न इंग्रजीत, दिवसभर पेशंटशी बोलणं कन्नडमध्ये, पण घाबरता तुम्ही मराठीत. मग धीरही मराठीतच द्या, आणि स्वतःला नावानं हाक मारून, घरी जे लाडाचं नाव असेल त्यानं. 'माझं काही खरं नाही' ऐवजी 'बाळ, ही लाट आहे, उतरेल, पुढचा प्रश्न वाच.' स्वतःकडे असं जरा बाहेरून पाहून बोललं की ताण कमी होतो असं प्रयोगांत दिसलंय. वाक्य आधीच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, ऐन वेळी शोधायला लावू नका. दुसरं, पूर्ण टेस्टच्या सकाळी दहा मिनिटं कागदावर मनातली सगळी भीती लिहून काढा, मराठीत, खाडाखोड न पाहता: रँक आली नाही तर काय, आप्पा काय म्हणतील, मामी काय बोलतील. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बेलॉक यांनी 2011 मध्ये दाखवलं की परीक्षेआधी असं लिहिणाऱ्या, एरवी फार घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे मार्क सुधारतात. चिंता कागदावर उतरली की डोक्यातली जागा सुटते. कागद फाडून टाका.

गोळ्या. अल्प्राझोलाम झोप आणतं, पण नवीन वाचलेलं पक्कं बसू देत नाही आणि सोडल्यावर झोप आणखी उडते. परीक्षेच्या तोंडावर याहून महागडी झोप नाही. कधीतरीच घेत असाल तर आजपासून नको. रोज किंवा जवळजवळ रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, मनोविकारतज्ज्ञ हळूहळू उतरवून देतील. प्रोप्रानोलॉल धडधड आणि हाताची थरथर कमी करतं, 'आता गेलं सगळं' हा विचार कमी करत नाही, आणि तुमचे मार्क त्या विचारानंच जातात. दमा असेल तर ते घ्यायचंच नाही, बीपी मुळात कमी असेल तर चक्कर येते. डॉक्टरांनी तपासून दिलं तर घ्या, पण आधी एखाद्या मॉकला घेऊन पाहिलेलं असलं पाहिजे. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही. मैत्रिणीची चिठ्ठी ती चिठ्ठी नव्हे, ती एमडी असली तरी.

झोपेसाठी आधी चहाकडे बघा. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. नाइटला पहाटे चारचा चहा म्हणजे सकाळी नऊला पडताना निम्मं कॅफीन अंगात. नाइटला चहा एक-दीडच्या आत, डे असेल तेव्हा दुपारी तीनच्या आत. सकाळी खोलीवर आलात की पडदे लावून चार-पाच तास सलग झोपा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. झोप न झालेल्या डोळ्यांनी खानापूरपर्यंत गाडी मारू नका, रेल्वेनं जा नाहीतर बसनं.

आप्पांचं. रोजचा 'किती झालं?' हा त्यांच्या काळजीचा प्रश्न आहे, त्यांना दुसरं काय विचारावं ते सुचत नाही. क्यूबँक, पर्सेंटाइल त्यांना समजावत बसू नका. त्यांना विचारायचा वार ठरवून द्या आणि कळण्यासारखं उत्तर द्या: "आप्पा, रविवारी जेवताना मी स्वतः सांगीन. मधे विचारलंत की दिवसभर तेच डोक्यात राहतंय." आणि रविवारी खरंच सांगा, मार्क न सांगता, 'या आठवड्यात पाच दिवस ठरल्याप्रमाणे झालं' इतकंच. दोन रविवार वेळेवर सांगितलंत की रोजचा फोन बहुतेक आपोआप थांबतो. नाही थांबला तर आईला मधे घ्या. झोपेचं आणि रात्रीच्या विचारांचं घरातल्या एका माणसाला तरी सांगा. आप्पांना जड जाणार असेल तर अक्काला, आत्याला, जिच्याजवळ रडता येतं तिला.

टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपचे ग्रुप शेवटचे सहा आठवडे म्यूट नको, सोडाच. तारखेच्या अफवा तिथेच पिकतात. 2024 मध्ये 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली आणि ती 11 ऑगस्टला झाली. 2025 ची 15 जूनची, एकाच शिफ्टमध्ये घ्या असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यावर 3 ऑगस्टला गेली. म्हणजे असं होऊ शकतं, तेव्हा तयारी आत्ताच ठेवा. तारीख गेली तर तीन दिवस पुस्तक बंद, घरी जा, झोपा. मग सहाव्या आठवड्याच्या पायरीवर परत या, रोजचे तास निम्म्यावर आणून. नवीन तारीख कळली की तिथून मागे मोजत पायऱ्या लावा. बातमी फक्त राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या (एनबीईएमएस) संकेतस्थळावर, दिवसातून एकदा, संध्याकाळी.

सेंटर हुबळीत आलं तर आदल्या दुपारीच पोचा. पावसात पहाटेच्या बसवर भिस्त ठेवू नका. पाहुण्यांकडे उतरण्यापेक्षा लॉज बरा. पाहुणे मायेनं वागतील, पण रात्री जेवताना 'मग कुठली ब्रांच घेणार?' विचारणारच. सेंटरची जागा संध्याकाळी एकदा चालत बघून या. रात्री झोप नीट लागली नाही तर घाबरू नका, आधीचा आठवडा नीट झोपला असाल तर एक तुटकी रात्र निभते. सकाळी रोजचंच खा, उप्पिट तर उप्पिट, इडली तर इडली. प्रवेशपत्र, ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या कपड्यांचा एक जोड, घड्याळ-दागिने खोलीवर.

एक आणखी लक्षात असू द्या: एम्स, जिपमर, पीजीआय चंदीगड आणि निमहान्ससाठीची आयएनआय-सीईटी ही प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि वर्षातून दोनदा होते. तुमचा सगळा भार एकाच सकाळीवर नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. सोडू नका. दहा आठवडे घरी चोवीस तास पुस्तकासमोर बसलात की तासांबरोबर 'किती झालं'ही वाढेल, आणि वॉर्डात पेशंट पाहून जो विश्वास मिळतो तोही जाईल. पण शेवटच्या तीन आठवड्यांत नाइट नकोत, याला कारण आहे. परीक्षा सकाळची, आणि रात्र जागणाऱ्या शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. ते सरकून स्थिर व्हायला दोन आठवडे धरा, तिसरा हाताशी ठेवा. आठव्या आठवड्यापासून फक्त डे, आणि परीक्षेआधी सहा दिवस रजा, असा अर्ज आजच्या तारखेनं लेखी द्या. बदल्यात आत्ताच्या चार आठवड्यांत एखादी जादा नाइट घेते असं त्यातच लिहा, म्हणजे रोस्टर लावणाऱ्याला दुसरं माणूस शोधायला वेळ मिळतो. चाचणीचा आठवडा तेवढा त्यातून वगळा.